विमानाचा कडता

८ जानेवारी २०२५, बुधवार

ही वही आक्कांनी एक तारखेला दिली. "रोज चार ओळी लिव्ह तम्मा, मन जाग्यावर ऱ्हातं." आज आठ तारीख. पहिल्या दिवशी पेन नव्हता. दुसऱ्या दिवशी पेन होता, वही सापडेना. तिसऱ्या दिवसापासून दोन्ही होतं, तेव्हा न लिहायला नवीन कारण शोधावं लागलं. त्यात पाच दिवस गेले.

आज लिहितोय कारण कागद आला.

श्रीमंतदादांना स्वतः बांधलेलं विमान एकट्यानं उडवायची परवानगी होती. ठरवून दिलेले तास त्यांनी डिसेंबरात संपवले. आजच्या कागदात आहे की आता शेजारच्या सीटवर माणूस बसवता येईल. मात्र त्याआधी अख्खं विमान एकदा तोलायचं — तिन्ही चाकांखाली तीन काटे ठेवून — आणि आकडे कळवायचे.

शेजारची सीट आक्कांची. त्यात वाद नाही. दानम्मा आक्का म्हणजे दादांची थोरली बहीण, उदगीरला शिवणक्लास चालवतात. पंखांवरचं सगळं कापड त्यांनी शिवलंय. दादांनी विमानाचा नकाशा पहिल्यांदा उघडला त्याच दिवशी सांगितलं होतं, पहिलं माणूस तू. त्याला पाच वर्षं झाली.

दादा एकशे एकवीस किलो. आक्का अठ्ठ्याण्णव. नकाशा परदेशातला आहे, त्यात माणूस सत्त्याहत्तर किलोचा धरलाय. कुठला माणूस, ते लिहिलेलं नाही.

९ जानेवारी

आक्का म्हणतात वहीत आधी स्वतःबद्दल लिहितात. तर — व्यंकट (आक्का तम्मा म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ), वय तेवीस, गाव अहमदपूरच्या अलीकडं. विष्णुपुरीला इंजिनिअरिंगचं एक वर्ष काढलं, त्यातले सहा महिने धरणाच्या भिंतीवर बसून. मग हैदराबादला हॉटेलात, मग सोलापूरला चादरीच्या दुकानात, मग फवारणीच्या ड्रोनवर. गेल्या जूनमध्ये लातूरला जाणारी बस रेणापूरच्या पुढं बंद पडली. कंडक्टर म्हणाला, तासभर लागंल. मी लघवीला शेतात गेलो तर एका पत्र्याच्या शेडमधून विमानाचं शेपूट बाहेर आलेलं दिसलं. बस नीट होऊन गेली. मी सात महिने झाले इथंच आहे. एवढा मी कुठंच टिकलो नाही.

माझं काम म्हणजे धरणे, पुसणे, चहा करणे आणि अडचणीच्या जागेत घुसणे. शेपटाकडच्या पोकळीत दुसरं कुणी मावत नाही.

१० जानेवारी

आज काम नव्हतं म्हणून विमानाबद्दल लिहितो.

नकाशातल्या सत्त्याहत्तर किलोच्या माणसाला पोट नाही. विमान वर न्यायचं तर दोन्ही गुडघ्यांमधला दांडा पूर्ण मागं ओढावा लागतो. दादांनी पहिल्यांदा ओढला तेव्हा तो चार बोटं आधीच पोटाला टेकला. दादा म्हणाले, श्वास आत घेतला की बसतोय. निजामोद्दीन चाचा म्हणाले, "आन् वर गेल्यावर श्वास सोडला मंग?"

चाचांचं लातूरला ट्रकच्या बॉड्या बांधायचं वर्कशॉप आहे. विमानाचं सगळं लोखंडकाम त्यांचं. त्यांनी विचारलं, "बोल बेटा, पोट कापू का दांडा?" दांडा कापला, वाकवून परत जोडला. मग सीट दोन्हीकडून तीन-तीन बोटं रुंद केली. पट्टे पुरेनात, ट्रकचे लावले. दोघं बसले की चाकांचे पाय फाकायचे, म्हणून खाली ट्रकच्या स्प्रिंगचे जाड पाटे घातले. पाटे घातले म्हणून बूड मजबूत केलं. शेपटावर चाचांच्या पेंटरनं कुणी न सांगता दोन मोर आणि कमळ काढलं. ते मात्र कुणाच्या वजनासाठी नव्हतं.

यातली गंमत अशी की जड माणूस बसणार म्हणून विमान मजबूत करायचं. मजबूत केलं की विमान जड होतं. विमान जड झालं की जड माणूस बसवता येत नाही. चाचा याला नुसतं "चक्कर" म्हणतात.

म्हणून दादांची वजनाची वही आहे. जो भाग तयार होईल तो टेम्पोत घालून मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका ओळखीच्या आडतीवर न्यायचा. तिथले रामलिंगमामा मापाडी तो काट्यावर ठेवणार, आकडा ओरडणार, दादा लिहिणार. पाच वर्षांत अडतीस ओळी झाल्या. बेरीज तीनशे दोन किलो.

माणसं, पेट्रोल धरून विमानाला पाचशे साठची परवानगी. तीस लिटर पेट्रोलचे बावीस किलो. उरले दोनशे छत्तीस. दादा आणि आक्का मिळून दोनशे एकोणीस. म्हणजे सतरा किलो शिल्लक. आक्का म्हणतात, सतरा किलोत जेवणाचा डबा नेऊ.

११ जानेवारी, शनिवार

रामलिंगमामा तीन काटे घेऊन आले. विमान ढकलत ढकलत तिन्ही चाकं काट्यांवर चढवली. मामा पुढून मागं गेले, तीनदा ओरडले. दादांनी लिहिलं. बेरीज केली. परत केली. मग वही चाचांकडं दिली. चाचांनी बेरीज केली आणि माझ्याकडं दिली.

तीनशे सदतीस.

वहीत तीनशे दोन. मधले पस्तीस किलो कुठून आले, कुणाला माहीत नाही. पस्तीस किलो म्हणजे एक सातवीतलं पोरगं.

१२ जानेवारी

दिवसभर पस्तीस किलो शोधले. मी शेपटात घुसलो. सापडलं ते असं — चाचांचा चौदा नंबरचा पाना (दोन वर्षांपूर्वी हरवलेला, त्यावरून एका कामगाराशी भांडण झालेलं, तो काम सोडून गेला, आता दुबईत आहे). चिमणीचं घरटं, रिकामं. तंबाखूची पुडी. एक अर्धा स्केच पेन. चाचांनी सगळं हातात घेऊन अंदाज केला. "पाऊण किलो. बाकी चौतीस धुंड."

चाचा त्या कामगाराला फोन लावून राहिले होते. लागला नाही.

१३ जानेवारी

रंगावर संशय. मोरांवर विशेष.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

आक्कांनी उदगीरहून तिळाच्या पोळ्या आणल्या. दादांनी पाच खाल्ल्या. सगळ्यांनी मोजल्या.

दुपारी रामलिंगमामा काटे परत न्यायला आले. दादा आणि आक्का जेवून आडवे झालेले, चाचा नमाजला गेलेले. काटे टेम्पोत चढवायच्या आधी मी एकावर उभा राहिलो. असंच. लाल आकडा आला चोपन्न. मामा बाजूला तंबाखू मळून राहिले होते. न विचारता म्हणाले, "त्रेपन्न."

मी म्हटलं, "मामा, चोपन्न हाय."

"हाव. त्रेपन्न."

"चोपन्न दिसून राहिलं की."

"दिसंल की. पोतं गेलं."

"कुठलं पोतं?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पोतं शोधल्यासारखं. मग जरा वेळानं म्हणाले, "सवय हाय बाबा. चाळीस वर्सं झाली."

मोंढ्यात सोयाबीनचं पोतं काट्यावर चढलं की बारदानाचा म्हणून किलोभर कापून आकडा सांगायचा. त्याला कडता म्हणतात. कागदावर कडता बंद झालाय. मामांच्या तोंडातून बंद व्हायचाय. त्यांना काटा दिसतच नाही, कापलेला आकडाच दिसतो. आणि मोंढ्यात लिहिणारा कधी काट्याकडं बघत नाही, मापाड्याच्या तोंडाकडं बघतो. दादा पाच वर्षं मामांच्या तोंडाकडं बघत होते.

मी विचारलं, "मामा, विमानालाबी कापला?"

"तसं काय मनात धरून न्हाई केलं."

मामा गेल्यावर दादांची वही उघडली. अडतीस ओळी, अडतीस किलो. तीनशे दोन अधिक अडतीस, तीनशे चाळीस. शनिवारच्या तीन चाकांचे तीन किलो — तीनशे सदतीस अधिक तीन, तीनशे चाळीस. हिशोब इतका बरोबर बसला की वाईट वाटलं.

मग पुढचं. दादा आणि आक्काही त्याच काट्यावर तोललेले. एकशे बावीस. नव्याण्णव. माणसांसाठी जागा एकशे अठ्ठ्याण्णव किलोची, माणसं दोनशे एकवीस. तेवीस किलो जास्त.

दोघं एकत्र उडू शकत नाहीत.

कुणाला सांगितलं नाही अजून. आक्का उठून चहा टाकून राहिल्या होत्या.

१५ जानेवारी

दादांनी निकाल लावला. शेडची फरशी वाकडी आहे, त्यामुळं काटे चुकले. "पाच वर्षाची वही खोटी आन् एका दिवसाचे काटे खरे, असं कसं व्हईल?" येत्या रविवारी आक्काला घेऊन एक चक्कर मारायची, मग सावकाश फरशी नीट करून परत तोलायचं, मग आकडे कळवायचे.

चाचा म्हणाले, "शिरमंत, आधी तोल."

"चाचा, एकट्यानं इतके तास उडवलं. काय झालं का?"

काही झालं नव्हतं हे खरं. एकटे असले की वजन कमीच. उडायच्या आधी शेतातल्या पट्टीवर जरा जास्त पळतं, असं दादा दर वेळी म्हणायचे. मुरूम मऊ आहे म्हणायचे.

मी तिथंच होतो. हातात पाना होता. पाना पुसला.

१६ जानेवारी

न सांगण्याचं कारण लिहितो, वहीत तरी.

आक्का उतरल्या तर त्या सीटवर कोण? दादा उडवणार म्हणजे शेजारी शहात्तर किलोच्या आतलं माणूस पाहिजे. इथं तसं एकच आहे. मी सांगितलं तर वाटणार ह्याला सीट पाहिजे. आणि मला सीट पाहिजेच होती. जूनपासून पाहिजे होती. शेपटात घुसून दोऱ्या ओवताना रोज एकदा मनात बसून यायचो.

संध्याकाळी आक्का पंजाबी ड्रेस शिवून राहिल्या होत्या. साडी दांड्यात अडकंल म्हणून दादांनी नको सांगितलेली. मी सुई ओवून दिली. त्या आपल्या आपण सांगायला लागल्या. सव्वीस-सत्तावीसच्या असताना जत्रेत मोठ्या पाळण्यात बसल्या. पाळणा भरला, फिरायला लागला, आणि पाळणेवाल्यानं त्यांचा डबा खाली आला तसा थांबवला. सगळ्यांच्या देखत म्हणाला, बाई उतरा, एका बाजूला ओढून राहिलाय. वर अडकलेले लोक ओरडत होते, लवकर उतरा. त्या उतरल्या. शिरमंत तेव्हा शाळेत होता, सोबत होता, तोही उतरला.

"तवापासून मी वर म्हणून कुठं गेले न्हाई बघ तम्मा. गच्चीवर वाळवण टाकायला जाते तेवढीच."

मी दुसरी सुई ओवली. तिची गरज नव्हती.

१७ जानेवारी, शुक्रवार. नांदेड

आलो. कुणाला न सांगता आलो, हे माझं नेहमीचंच. सकाळी पिशवी भरली, रेणापूर फाट्यावर उभा राहिलो. पहिली बस नांदेडची आली. लातूरची आली असती तर लातूरला गेलो असतो.

विष्णुपुरीला मोहसीनच्या खोलीवर आहे. मोहसीन माझ्या वर्गात होता, त्यानं पुढचं पूर्ण केलं. आता मोबाइल टॉवरवर चढतो. त्याच्याकडं कमरेचा पट्टा आहे, त्यावर लिहिलंय एकशे चाळीस किलोपर्यंत. मी तो पट्टा बराच वेळ हातात धरून बसलो. मोहसीन म्हणाला, "न्यायचा का? मला दुसरा मिळतो." म्हटलं, नको, नुसतं वाचून राहिलो.

धरणावर गेलो. तीच भिंत. एक माणूस गळ टाकून बसला होता. त्याला तीन तासांत काही लागलं नाही. मी तीन तास कशासाठी बघत होतो कुणास ठाऊक.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळी नऊला आक्कांचा फोन.

"कुटं हायस?"

"नांदेडला."

"बरं. आईबाप बरे हायेत नव्हं?"

माझे आईबाप नांदेडला नाहीत. तरी म्हटलं, बरे आहेत.

"ड्रेस झाला. खिसा ठिवलाय एक. खिशात काय ठेवू रे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"न्हाई, म्हटलं वर काय लागतं का. रुमाल ठेवते. उद्या सकाळी आठला हाय, त्याआधी ये."

फोन ठेवला आणि मोहसीनला म्हटलं, बसस्टँडवर सोड. तो म्हणाला, आत्ताच तर आलास. त्याच्या गाडीवर मागं बसून मी वाक्य तयार केलं. बसमध्ये लोह्यापर्यंत ते लांब होतं. अहमदपूरला अर्धं कापलं. उतरल्या उतरल्या सांगायचं, असं ठरलं.

शेडमध्ये तिघं होते. दादा विमानाची काच पुसत होते. मी म्हटलं, "रामलिंगमामा दर वेळी एक किलो कापतेत."

दादा पुसत राहिले. "काय कापतेत?"

"कडता."

फडकं थांबलं. दादा मोंढ्यात वाढलेले आहेत, त्यांच्या वडलांची तिथं आडत होती. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. ते वही घेऊन आले आणि बोट ठेवून ओळी मोजायला लागले. अडतीसला पोचले. बोट तिथंच ठेवून उभे राहिले.

चाचा म्हणाले, "या अल्ला. सोयाबीन समजला क्या?"

आक्कांनी विचारलं, "किती जास्त हाय?"

"तेवीस."

"कवा कळलं तुला?"

"संक्रांतीला."

आज अठरा तारीख. सगळ्यांनी मनात मोजलं असणार. दादा म्हणाले, "चार दिस? आरं, उद्या मी हिला घेऊन—" वही मिटली. मग म्हणाले, "का न्हाई सांगितलास?"

मी खरं सांगितलं. सीटचं.

आक्का आत गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या. त्या पाणी घेऊन आल्या. "पी. बसनं आलायस."

१९ जानेवारी, रविवार

आठ वाजले. कुणी उडालं नाही. आक्का सकाळच्या बसनं उदगीरला गेल्या. ड्रेस इथंच खुंटीवर आहे.

२० जानेवारी

चाचा काय काय काढता येईल त्याची यादी करून राहिले. पाटे काढले तर पाय फाकतात. ट्रकचे पट्टे काढले तर पट्टा पुरत नाही. जे जड माणसासाठी घातलं ते जड माणसासाठीच काढता येईना. शेवटी मोर आणि कमळ खरडून काढले. सातशे ग्रॅम. हे मी स्वतः तोललं, काट्याकडं बघून.

२३ जानेवारी

दादा कमी खाऊन राहिलेत. सकाळी एक भाकरी, संध्याकाळी अर्धी. पट्टीवर रोज सहा चकरा मारतात. विमान पळतं त्या पट्टीवर दादा पळतात, आणि शेजारच्या शेतातली गुणाबाई बांधावर उभी राहून विचारते, "आज हेच उडायचंय का?"

दादांचं लायसन्स आज पहिल्यांदा नीट बघितलं. फोटोत बासष्ट किलोचा एक मुलगा आहे. बावीस वर्षांचा. तो बहुतेक अजून आतच आहे, फक्त बाहेर यायला जागा नाही.

२६ जानेवारी

दुसरा मार्ग मी सुचवला. बोलल्यावर वाटलं गप्प बसायला पाहिजे होतं. म्हटलं, दादा, तुम्ही बारीक होण्यापेक्षा दुसरा पायलट बघा. आक्का नव्याण्णव, म्हणजे पायलट नव्याण्णवच्या आत असला की झालं. तसे लई असतील.

म्हणजे दादांनी पाच वर्षं बांधलेल्या विमानात आक्काला पहिल्यांदा नेणार दुसरंच कुणी. दादा बराच वेळ पंखाच्या कापडावरची शिवण बघत बसले. मग म्हणाले, "फोन दे."

३० जानेवारी

अकरा जणांना फोन झाले. सगळे दादांच्या बरोबर शिकलेले. एकाच्या घरी लग्न. एकाच्या घरी दोन लग्नं. एकजण म्हणाला, घरी बांधलेलं विमान? घरीच ठेव. एकजण फक्त हसला, बरंच हसला, आणि म्हणाला तुझं वजन किती झालं ते आधी सांग. दादांनी खरं सांगितलं. मग तो हसायचा थांबला आणि लग्नाचं कारण सांगितलं.

मी म्हटलं, अजून कुणी? दादा म्हणाले, न्हाई. पण फोनमधलं एक नाव उघडून बंद केलं, ते मी बघितलं. विचारलं नाही. शिकून राहिलो.

२ फेब्रुवारी

दादा एकशे अठरा. चार गेले, एकोणीस राहिले. चाचांनी हिशोब केला — मे महिना. मे महिन्यात इथं ऊन असं असतं की हवा पातळ होते आणि विमान हलक्या माणसालाही नीट उचलत नाही. म्हणजे नोव्हेंबर. नोव्हेंबरपर्यंत दादा अर्ध्या भाकरीवर. हे चाचा बोलले नाहीत, दादा ऐकत होते म्हणून.

रामलिंगमामा येऊन गेले. शेडच्या दारातच थांबले, आत आले नाहीत. म्हणाले, "मालक, माझ्यामुळं झालं." दादा म्हणाले, "माज्या बापानंबी जलमभर तेच केलं मामा. शिकवलं कुणी कुणाला?" मामांना चहा दिला. त्यांनी अर्धा पिऊन ठेवला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आक्का आल्या. दादांकडं बघितलं आणि पहिलं वाक्य, "तोंड कसं झालंय रे तुजं." मग भाकरी थापायला बसल्या, चार वाढल्या, समोर बसून खायला लावल्या.

खाताना म्हणाल्या, "रविवारी तम्माला घिऊन जा."

दादा म्हणाले, "न्हाई."

"पोरगं सात महिने त्या शेपटात घुसून राहिलंय. दोन माणसांचं विमान दोन माणसांनी उडू दे एकदा. मी खालनं बघते. कापड माजं हायच की वर."

"आक्का, तुला म्हणलो होतो मी."

"म्हणला होतास. म्हणून जड झालो का आपण? आधीचेच हाव." हे त्या हसून म्हणाल्या, आणि दादा हसले नाहीत.

मी नको म्हणायला पाहिजे होतं. म्हटलंही. पण एकदाच म्हटलं, आणि हळू.

८ फेब्रुवारी

उद्या साडेसातला. झोपायच्या आधी खुंटीवरचा ड्रेस आक्कांनी घडी करून पिशवीत घातला. खिशातला रुमाल काढून मला दिला. वर डोळ्यांत पाणी येतं म्हणे वाऱ्यानं.

विमानाला वरून काच आहे. वारा लागत नाही. मी सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी सव्वासात

सीटवर बसून लिहून राहिलो. पट्टा बांधलाय, ट्रकचा आहे, माझ्याभोवती दीड वेळा आला. दादा बाहेर चाकं तपासून राहिलेत. आक्का चाचांच्या स्कूटरला टेकून उभ्या.

आत्ता शेतात रिक्षा शिरली. गुणाबाईची म्हैस मोकळी असते म्हणून कुणी रिक्षा आत आणत नाही, ही आली. पांढऱ्या केसांची एक सडपातळ बाई उतरली. पायात बूट. दादांच्या हातातला हवेचा गेज पडला. एवढा मोठा माणूस शाळेतल्यासारखा सरळ उभा राहिला, आणि दोन्ही हात पोटावर धरले, झाकायला.

कमरुन्निसा मॅडम. दादांना विमान शिकवलं त्या. आता नांदेडला भावाकडं राहतात, अजून शिकवायला जातात.

मॅडम म्हणाल्या, "एकानं सांगितलं, तू अकरा जणांना फोन केलास. मला न्हाई."

दादा म्हणाले, "मॅडम, तुम्ही बघितलं तवा मी बासष्टचा—"

"मी आता विमान बघायला आले." मग काचेतून माझ्याकडं, "तू किती रे?"

"चोपन्न."

"उतर बाळा. मी एकाहत्तर. शेजारी तुझ्याएवढं घेऊन याचं मला काही कळणार न्हाई, भरल्या वजनानं कसं उचलतं ते बघायचंय." आणि आक्कांकडं वळल्या. "तुमी किती?"

आक्कांनी सांगितलं. नव्याण्णव. एवढ्या मोठ्यानं मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"मंग या की."

उतरलो. पंखाखाली उभा राहून हे लिहितोय. आक्कांनी पाय आत ठेवला, विमान त्यांच्या बाजूला वाकलं, आणि आक्का पाय तसाच ठेवून थांबल्या, परत उतरायला सांगतात का म्हणून.

मॅडम पट्टा बांधून राहिल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाकू द्या."